तळटीप : निगेटिव्हची वक्ररेषा

* सायनोटाइप ही जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली निळ्या छापाची पद्धत. तिच्यासाठी आता इंकजेट प्रिंटरवर पारदर्शक फिल्मची निगेटिव्ह काढतात. मात्र पडद्यावरच्या छटा कागदावर जशाच्या तशा उतरत नाहीत. म्हणून आधी कोऱ्या फिल्मखाली कागद पुरता गडद व्हायला लागणारा कमीत कमी वेळ ठरवतात. तेवढ्याच वेळात फिक्यापासून गडदपर्यंत छटांच्या २१ टप्प्यांची पट्टी छापून, धुऊन, पूर्ण वाळवून (ओला छाप फसवतो, निळा रंग नंतर आणखी गडद होतो) प्रत्येक टप्पा स्कॅनरने मोजतात आणि त्यावरून निगेटिव्हच्या छटा दुरुस्त करणारी वक्ररेषा आखतात. उजळ टप्पे बहुधा कोरेच राहिलेले दिसतात. पांढऱ्या कपड्याच्या चुण्या हरवतात त्या तिथेच. कागद, शाई किंवा दिवा बदलला, की वक्ररेषा नव्याने काढावी. – संपा.