प्लेट की रॉड?

वसई-विरारकडे पावसाळ्यात अंगणात, मोरीत पाय घसरून म्हातारी माणसे पडतात. ‘खुबा मोडला’ म्हणतात तेव्हा बहुधा मांडीच्या हाडाचे वरचे टोक मोडलेले असते. मग नातेवाईक विचारतात, ‘प्लेट की रॉड?’ या प्रश्नामागे सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

पूर्वी पायाला वजन बांधून रुग्णाला कित्येक आठवडे निजवून ठेवत. तेवढ्यात पाठीला जखमा होत, न्यूमोनिया होई आणि हाड जुळण्याआधीच माणूस दगावे. १९२५ साली बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी हाडाच्या मानेत तीन पाखांचा खिळा ठोकला. मानेच्या खाली हाड मोडले असेल तर तो पुरेना, म्हणून त्याला बाहेरून प्लेट जोडली गेली. १९५० च्या दशकात सरकता स्क्रू आला. त्यामुळे चालताना तुकडे एकमेकांवर दाबले जाऊ लागले. मात्र आतल्या बाजूच्या हाडाचा चुरा झाला असेल, तर तुकडे फारच सरकत.

दरम्यान १९३९ साली जर्मनीत कील येथे क्युन्चर यांनी हाडाच्या पोकळीतच रॉड घातला. या रॉडमधून खुब्याच्या गोळ्यात स्क्रू नेणारा ‘गॅमा नेल’ १९८० च्या दशकात आला.

आतला रॉड बरा का? मुलांना दप्तर आधी छातीशी, मग हात लांब करून धरायला सांगा. वजन तेच, पण दुसऱ्या वेळी हात लवकर भरून येतो. शरीराचा भार खुब्याच्या गोळ्यावर येतो. प्लेट त्यापासून दूर असते, रॉड जवळ. तरफेची भुजा आखूड झाली की वाकवणारा जोर कमी होतो.

पण गणित बरोबर असूनही सुरुवातीच्या गॅमा नेलच्या टोकापाशी काहींचे हाड पुन्हा मोडले. रचना बदलावी लागली. नंतरच्या दोन स्क्रूंच्या रॉडमध्ये कधी एक स्क्रू बाहेर येई, तर दुसरा आत घुसे. पुढे हाड कोरून न काढता दाबून बसणारे पिळाचे पाते आले. १९९५ साली बॉमगार्टनर आणि सहकाऱ्यांनी दोन दिशांच्या क्ष-किरण चित्रांत स्क्रूच्या टोकापासून गोळ्याच्या शिखरापर्यंतचे अंतर मोजले. दोन्हींची बेरीज २५ मिलिमीटरच्या आत होती, त्या रुग्णांत एकही स्क्रू गोळा फाडून बाहेर आला नाही. म्हणजे साधनाइतकाच बसवणारा हातही मोलाचा.

आपल्याकडे मिरजेच्या डॉ. जी. एस. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली अशा अस्थिभंगांवरील उपचारांचा आढावा प्रसिद्ध केला. जगभरच्या तुलनांतून दिसते ते असे: मोड स्थिर असेल तर स्वस्त सरकता स्क्रू रॉडइतकाच चांगला, मोडीची रेघ उलटी तिरकी असेल तर रॉड सरस. तेव्हा ‘नवे कोणते?’ याआधी ‘हाड कसे मोडले आहे?’ हे विचारावे.