तिबेटी लोकगीतांचा निर्वासित प्रवास
विशेष माहिती
कट्टा (ता. मालवण), वार्ताहर

दशावताराच्या जत्रांवर वाढलेल्या मालवण-कट्टा परिसरातील रसिकाला तिबेटचे ‘ल्हामो’ हे गीतनाट्य फारसे परके वाटणार नाही. दशावतारात आधी आडदशावतार आणि मग आख्यान, तसे ल्हामोतही आरंभी मुखवटेधारी शिकारी रंगभूमी शुद्ध करतात आणि त्यानंतर कथा सुरू होते. आपल्याकडे मृदंग, झांज आणि पेटी; तिकडे केवळ ढोल आणि झांज. आपला खेळ रात्रभर रंगतो, तर ल्हामो उघड्या मैदानात, कनातीखाली, दिवसभर चालतो. नोर्सांग राजपुत्राचे त्यातील प्रसिद्ध आख्यान तर सुधनाच्या भारतीय बौद्ध कथेवरूनच आलेले आहे. फरक एवढाच, की या कलेला स्वतःच्या भूमीबाहेर दुसरे घर शोधावे लागले.

१० मार्च १९५९ रोजी ल्हासा येथे चिनी राजवटीविरुद्ध उठाव झाला. तो चिरडला गेल्यावर दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागोमाग हजारो तिबेटी सीमा ओलांडून आले. त्याच वर्षी कालिम्पाँग येथे निर्वासित कलावंतांची संस्था स्थापन झाली. पुढे ती धरमशाला येथे गेली आणि ‘तिबेटन इन्स्टिट्यूट ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स’ या नावाने ओळखली जाऊ लागली. अन्न, वस्त्र व निवारा यांचीच भ्रांत असताना गाण्यासाठी संस्था उभारावी, यातच या समाजाची दृष्टी दिसून येते. वृद्ध कलावंतांकडून ल्हामोची आख्याने, वर्तुळात फेर धरून गायची ‘गोरशे’ गीते आणि ‘द्रान्येन’ या तंतुवाद्याचे वादन तरुणांनी शिकून घेतले. संस्थेत तयार झालेले शिक्षक तिबेटी शाळांतून संगीत शिकवू लागले आणि तिची पथके देशोदेशी कार्यक्रम करू लागली.

या गीतांपैकी पुष्कळशी मुळात राजकीय नाहीत. गुरे राखताना, पेरणी-कापणी करताना, लग्नात व सणावारी म्हटली जाणारी ती गाणी. परंतु निर्वासिताच्या मुखी तेच गाणे साक्ष देऊ लागते. आमची भाषा वेगळी, आमचे सूर वेगळे, आम्ही एक स्वतंत्र समाज आहोत, हे परदेशी श्रोत्याला भाषणापेक्षा गाण्यातून चटकन उमगते.

या कार्याची किंमतही काहींना मोजावी लागली. न्गावांग चोफेल हे संगीतसंशोधक बालपणी आईसमवेत तिबेटमधून निघाले आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत वाढले. लोप पावणारी लोकगीते चित्रफितींवर टिपण्यासाठी ते १९९५ मध्ये तिबेटात गेले असता त्यांना अटक झाली. हेरगिरीच्या आरोपावरून १९९६ मध्ये त्यांना १८ वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. आंतरराष्ट्रीय दबावानंतर जानेवारी २००२ मध्ये त्यांची सुटका झाली. त्यांच्या ‘तिबेट इन साँग’ या अनुबोधपटाला २००९ मध्ये सनडान्स महोत्सवात परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. त्यापूर्वी, १९९३ मध्ये, ल्हासाच्या द्रापची तुरुंगातील १४ भिक्षुणींनी चोरून ध्वनिमुद्रित केलेली गाणी तुरुंगाबाहेर पोहोचली होती. त्याबद्दल त्यांच्या शिक्षा वाढविण्यात आल्या.

पंधराव्या शतकातील सिद्धपुरुष थांगतोंग ग्याल्पो यांना ल्हामोचे जनक मानतात. नद्यांवर लोखंडी साखळ्यांचे पूल बांधण्यासाठी निधी हवा म्हणून त्यांनी सात बहिणींना गाणे-नाचणे शिकविले, अशी आख्यायिका आहे. १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे निर्वासित कलावंतांनी स्थापन केलेल्या मंडळीचे ‘चाकसाम-पा’ हे नाव त्या पूल बांधणाऱ्यावरूनच आले आहे.

महाराष्ट्रातही या प्रवासाचा एक मुक्काम आहे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून ‘नोर्ग्येलिंग’ ही तिबेटी वसाहत आहे. झाडीपट्टीच्या रंगभूमीचा हा मुलूख. तेथे तिबेटी नववर्ष ‘लोसार’ पारंपरिक गाण्यांनिशी साजरे होते.

आज मात्र प्रश्न वेगळा आहे. ज्यांनी मूळ गाणी मायभूमीत ऐकली, ती पिढी काळाच्या पडद्याआड जात आहे, आणि शिक्षण-नोकरीसाठी तरुण वसाहती सोडून परदेशी जात आहेत. जुने जसेच्या तसे जपावे तर तरुण दुरावतात. नवे शब्द व नवी वाद्ये स्वीकारावी तर मूळ रूप हरवण्याचे भय. २००८ नंतर रुजलेल्या ‘ल्हाकार’ चळवळीने त्यावर साधा मार्ग शोधला आहे. दर बुधवारी तिबेटी पोशाख करायचा, तिबेटीत बोलायचे. परदेशातील अनेक शहरांत तरुण याच निमित्ताने ‘गोरशे’चा फेर धरतात. तेथे प्रेक्षक असा कोणी नसतो. येईल त्याने फेरात सामील व्हायचे. गाणे रंगमंचावर जपले जाते, पण टिकते ते अशा फेरातच, हे ज्याच्या गावात अजून दशावतार आणि फुगड्या आहेत त्याला वेगळे सांगायला नको.