प्लेग छातीत उतरतो तेव्हा

तुडीलच्या आम्ही बचत गटाच्या बाया आज प्लेगची गोष्ट सांगतोय. प्लेग म्हटलं की काखेतली, जांघेतली गाठ आठवते. पण तेच जंतू फुफ्फुसात शिरले तर गाठ येईलच असं नाही. जोराचा ताप, छातीत दुखणं, धाप आणि रक्ताचा खोकला. गाठीचा प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे होतो. हा मात्र खोकल्याच्या तुषारांतून माणसाकडून माणसाला लागतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्याचा जंतू दोन वर्षं आधीच हाँगकाँगला सापडला होता. म्हणजे आजार कळला, पण औषध नव्हतं. हाफकिन यांनी मुंबईत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःलाच टोचून घेतली. ती गाठीच्या प्लेगला काही प्रमाणात आवर घाली, फुफ्फुसाच्या प्लेगपुढे तिचं फारसं चालत नसे.

त्याच वर्षी पुण्यात गोरे शिपाई तपासणीसाठी घराघरांत घुसले. बायांचीही अब्रू राखली नाही. मग लोक रोगी लपवू लागले. सावित्रीबाई फुले मात्र रोग्यांची सेवा करत राहिल्या आणि १० मार्च १८९७ ला प्लेगनेच गेल्या.

पुढे १९९४ साल. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग दिसला, सप्टेंबरात सुरतेत फुफ्फुसाचा. लाखो लोक सुरत सोडून पळाले. पन्नासहून अधिक माणसं दगावली. पण या वेळी हाताशी टेट्रासायक्लिनसारखी औषधं होती. छातीचा फोटो काढायचा, थुंकी तपासायला घ्यायची, पण अहवालाची वाट न बघता औषध सुरू करायचं, अशी या आजाराची रीत. पहिल्या चोवीस तासांत औषध मिळालं तर माणूस वाचू शकतो, नाहीतर वाचणं कठीण. रोग्याच्या जवळ राहिलेल्यांनाही सात दिवस गोळ्या देतात.

तेव्हा औषध नव्हतं आणि शिपायाची भीती होती, म्हणून आपल्या आज्यापणज्यांनी रोगी लपवले. आज तसं कारण उरलेलं नाही. ताप, धाप आणि रक्ताचा खोकला दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. माणूस कुठून आला, आसपास उंदीर मेलेत का, तेही डॉक्टरांना सांगा. खोकला दोन आठवडे राहिला तर तो क्षयही असू शकतो. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. सुनेचा खोकलाही घरात दाबून ठेवू नका.