ओलं वजन, टिपलेलं वजन

लंडनमध्ये १९३६ साली चार्ल्स डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने अंडाशय काढलेल्या उंदीरमाद्यांना बिस्फेनॉल ए दिलं आणि हा पदार्थ इस्ट्रोजेनसारखा वागतो असं छापून टाकलं. पुढे १९५३ मध्ये त्याच पदार्थापासून पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक तयार झालं आणि त्याच्या दुधाच्या बाटल्या बाळांच्या तोंडी गेल्या. मला याचा आजही संताप येतो.

पण संतापाने असा पदार्थ ओळखण्याची कसोटी तयार होत नाही. एका प्रयोगशाळेला मिळालेलं उत्तर दुसरीत तसंच येईल, याची हमी कुणीच देऊ शकत नव्हतं. मुंबईत प्राणिगृहाला लागून असलेल्या खोलीत मी वर्षानुवर्षं हेच काम केलं, म्हणून ही अडचण मला ठाऊक आहे. इस्ट्रोजेनसारखं काही पोटात गेलं की मादीचं गर्भाशय वाढतं. आधी आत पाणी साठतं, मग पेशी वाढतात. म्हणून वजन दोनदा घ्यायचं. पहिलं पाण्यासकट. मग भिंतीला बारीकसा छेद द्यायचा, ओलसर फिल्टर पेपरवर हलकेच दाबून पाणी टिपायचं आणि पुन्हा काट्यावर ठेवायचं. हलकेच म्हणजे नेमकं किती? चरबीचा कण चिकटून राहिला किंवा गर्भाशय जरा सुकलं, तरी मिलिग्रॅमचा हिशेब फसतो.

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, १९९८ मध्ये हेच काम वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांकडून करून घ्यायला सुरुवात केली. जपानचे जुन कान्नो त्यात पुढे होते. उंदरांची जात, खाद्य, पिंजरे ज्याचे त्याचे. पद्धत मात्र ठरलेली. आधी एथिनिल इस्ट्रॅडिओल हे जोरकस संप्रेरक तपासलं. मग पाळी आली क्षीण पदार्थांची: बिस्फेनॉल ए, नोनिलफेनॉल, मेथॉक्सिक्लोर, सोयाबीनमधलं जेनिस्टीन आणि डीडीटीचा एक प्रकार. काही नमुन्यांवर नाव नव्हतं, नुसता संकेतांक होता. त्यात गर्भाशयावर परिणाम न करणारा डायब्युटिल थॅलेटही मिसळलेला. वजन करणाऱ्याला काय अपेक्षित आहे हे कळूच नये, ही त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. उत्तरं जुळली. खाद्यातलं सोयाबीनही तपासलं गेलं, कारण तेच गर्भाशय वाढवू शकतं. एक ग्रॅम खाद्यात जेनिस्टीनच्या हिशेबाने ३५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको, अशी मर्यादा ठरली. २००७ मध्ये ही पद्धत मार्गदर्शिका ४४० म्हणून मंजूर झाली.

तिची झेप मात्र तेवढीच. गर्भात असताना मिळालेल्या अल्प मात्रेने पुढे काय होतं, हे ती सांगू शकत नाही. बिस्फेनॉल ए-बाबत ते शोधण्यासाठी अमेरिकेत २०१२ मध्ये ‘क्लॅरिटी’ प्रकल्प उभा राहिला: उंदीर आर्कान्सातल्या जेफर्सनच्या सरकारी प्रयोगशाळेत वाढवले गेले आणि त्यांचे अवयव संकेतांक घालून विद्यापीठांकडे गेले. २०१८ मध्ये सरकारी अहवालाला परिणाम किरकोळ वाटले. विद्यापीठांतल्या अनेकांना मात्र सर्वांत कमी मात्रेतही बदल दिसले. मी त्या दुसऱ्यांच्या बाजूची आहे. ज्या प्रयोगावर सरकारी निष्कर्ष उभा आहे, त्याच प्रयोगातल्या उंदरांच्या अवयवांत त्यांना ते बदल सापडले.