विजेची नोटीस

राजांच्या सनदा, देशमुखांचे महजर आणि सावकारांच्या वह्या यांवरून इतिहास लिहिण्याची आमच्याकडे चांगली परंपरा आहे. परंतु ज्या कागदाशीं सामान्य गृहस्थाचा दरमहा संबंध येतो, तो कागद इतिहासाचें साधन आहे असें सहसा कोणास वाटत नाहीं. विजेचें बिल भरून झालें कीं तें खिळ्याला अडकवावें आणि दिवाळीच्या साफसफाईंत रद्दींत घालावें, हा घरोघरचा शिरस्ता. त्या बिलाच्या पाठीवर काय छापलें होतें, तें वाचण्याचे श्रम फार थोडे लोक घेतात. अमरावतीच्या राजापेठेसारख्या भागांत, जेथें बडनेऱ्याच्या रस्त्यालगत दुकानें आणि त्यांमागें दाट वस्ती आहे, तेथें अशीं बिलें पिढ्यान् पिढ्या आलीं आणि गेलीं. वीज पुरविणारानें वीज घेणारास काय कळवावें, किती दिवस आधीं कळवावें, आणि न कळवितां तार तोडल्यास ती तोड कायदेशीर ठरते काय, या प्रश्नांचा इतिहास त्या रद्दीबरोबरच गेला. तो निदान स्थूल मानानें येथें मांडावा असा आमचा विचार आहे.

आरंभ कायद्यापासून करणें सोयीचें. १९१० सालीं हिंदुस्थान सरकारनें विजेचा जो कायदा केला, तो अनेक दुरुस्त्यांसह २००३ पर्यंत टिकला. वऱ्हाडापुरती मात्र एक मौज ध्यानांत ठेवावी. १८५३ मध्यें निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आलेला आणि १९०२ च्या करारानें कायमच्या पट्ट्यानें त्यांच्याकडे राहिलेला हा मुलूख १९०३ पासून मध्यप्रांतास जोडलेला होता. तरी कायद्याच्या भाषेंत तो ब्रिटिश हिंदुस्थान नव्हे. त्यामुळें तिकडचे कायदे येथें आपोआप लागू होत नसत. अधिसूचना काढून ते लावावे लागत. पुष्कळशा कायद्यांपुरती ही भानगड १९४१ च्या वऱ्हाडविषयक कायद्यानें मिटली. ज्या प्रांतांत कायद्यालाच आधीं वर्दी द्यावी लागे, त्या प्रांतांतील लोकांस वर्दीचें महत्त्व निराळें सांगावयास नको होतें.

१९१० च्या कायद्यांत सूचनेचीं दोन कलमें आमच्या विषयाच्या दृष्टीनें मोलाचीं आहेत. पहिलें परवान्याचें. एखाद्या शहरांत वीज पुरविण्याचा परवाना मागणारानें आपला अर्ज आधीं जाहीर करावा, आणि त्या जाहिरातीपासून तीन महिन्यांत ज्या हरकती येतील त्यांचा विचार झाल्याखेरीज सरकारनें परवाना देऊं नये, असें तें कलम होतें. रस्ते खणावयाचे, खांब रोवावयाचे, ते लोकांच्या दारांपुढें; तेव्हां लोकांस आधीं विचारणें हें न्यायाचेंच झालें.

दुसरें कलम वीज तोडण्याचें. गिऱ्हाइकानें बिल थकविलें तर कंपनीस त्याचा पुरवठा बंद करण्याचा अधिकार होता. परंतु त्यापूर्वीं निदान सात पूर्ण दिवसांची नोटीस, तीही लेखी, दिली पाहिजे अशी अट होती. पूर्ण दिवस म्हणजे नोटीस मिळाल्याचा दिवस सोडावयाचा, तार तोडण्याचा दिवस सोडावयाचा, आणि मध्यें सबंध सात दिवस उरले पाहिजेत. हा हिशेब वरवर पाहतां कारकुनी वाटतो. पण त्यांतील न्याय ध्यानांत घ्यावा. घासलेटवाल्यानें उधारी बंद केली तर गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानांत जातें. विजेचा दुसरा दुकानदार गांवांत नसतो. ज्याच्या हातांत एकट्याच्याच किल्ली आहे, त्याचा हात कायद्यानें सात दिवस धरून ठेवला. तेवढ्या अवकाशांत गृहस्थानें पैसे उभे करावे, किंवा बिलांत चूक असेल तर भांडावें. मीटर खोटें चालतें असा वाद निघाला तर तो सरकारी विद्युत् निरीक्षकाकडे नेण्याचीही सोय त्याच कायद्यांत होती.

अमरावतींत आणि अकोल्यांत हा कारभार खाजगी कंपन्यांकडे होता. ‘अमरावती इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी’ आणि ‘अकोला इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी’ हीं नांवें जुन्या न्यायनिवाड्यांतून आजही भेटतात. टाटांची खोपोलीची वीज १९१५ सालीं मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली, पण ती तार वऱ्हाडापर्यंत पोंचण्याचा प्रश्नच नव्हता. येथील कापसाच्या गांवांनीं आपला उजेड आपल्याच गांवीं तयार करावा अशी स्थिति होती. अशा कंपनींत पुष्कळ दोष असूं शकतात. इंजिन बिघडलें कीं सारें गांव अंधारांत. परंतु कंपनीची कचेरी आणि गिऱ्हाईक एकाच गांवांत, आणि नोटिशीवर सही करणारा मनुष्य बाजारांत दिसणारा, ही गोष्ट थोडी नव्हे. तक्रार घेऊन कोठें जावें हें तरी ठाऊक असे.

पुढचा टप्पा १९४८ च्या कायद्याचा. त्यानें प्रांतोप्रांतीं वीज मंडळें स्थापण्याची तरतूद केली आणि खाजगी कंपन्यांच्या नफ्यास मर्यादा घातली. १९५६ सालीं या कायद्यांत दुरुस्ती झाली, तींत दर वाढविण्यापूर्वीं कंपनीनें ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी असें ठरलें. वाचकांस वाटेल कीं ही नोटीस अर्थातच गिऱ्हाइकास. तसें नव्हतें. ती राज्य सरकारास आणि वीज मंडळास द्यावयाची होती! ज्याच्या खिशांतून वाढीव पैसा जावयाचा तो या पत्रव्यवहाराच्या बाहेर. सात दिवसांची नोटीस घराच्या दारांत येत होती, साठ दिवसांची डोक्यावरून जात होती. वीजग्राहकाच्या हक्काचा इतिहास लिहिणारानें हा फरक नजरेआड करूं नये, असें आम्हांस आग्रहानें सांगावेंसें वाटतें.

याच सुमारास राज्यांची उलथापालथ झाली. मध्यप्रदेशचें वीज मंडळ १९५० सालीं निघालें. १९५६ च्या नोव्हेंबरांत विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला. आणि १९६० च्या मे महिन्यांत महाराष्ट्र राज्य झाल्यावर २० जून १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन झालें. दहा वर्षांत वऱ्हाडाच्या विजेचा कारभार तीन मंडळांच्या हातांतून गेला. गांवोगांवच्या खाजगी कंपन्याही कालांतरानें मंडळांत विलीन झाल्या. मंडळाच्या काळांत वीज खेड्यापाड्यांत गेली, अकोला जिल्ह्यांतील पारस येथें औष्णिक वीजकेंद्र उभें राहिलें, हें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. पण सूचना देणारा आतां गांवचा राहिला नाहीं.

दराची नोटीस गिऱ्हाइकाच्या दारांत येण्यास शतक सरावें लागलें. १९९८ च्या केंद्रीय कायद्यानुसार ऑगस्ट १९९९ मध्यें महाराष्ट्र विद्युत् नियामक आयोग स्थापन झाला, आणि मे २००० मध्यें त्यानें मंडळाच्या दरासंबंधीं पहिला आदेश दिला. तेव्हांपासून दरवाढीची मागणी वर्तमानपत्रांत सारांशानें छापावी लागते, तिजवर कोणीही हरकत घेऊं शकतो, आणि जाहीर सुनावणी होते. अशा सुनावण्या अमरावतीसही झाल्या आहेत. हातांत आंकड्यांचे कागद घेऊन उभा राहिलेला शेतकरी किंवा लहान कारखानदार मोठ्या अधिकाऱ्यांस उलट प्रश्न विचारतो, हा प्रकार १९५६ च्या माणसास स्वप्नवत् वाटला असता. २००३ च्या नव्या कायद्यानें ही रीति पक्की केली. तोडणीच्या नोटिशीची मुदत सात दिवसांवरून पंधरा पूर्ण दिवसांवर नेली. आणि बिलाविषयीं वाद असतां मागितलेली रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, हरकत नोंदवून भरली तर वाद मिटेपर्यंत तार तोडतां येत नाहीं, असेंही ठरविलें. ६ जून २००५ रोजीं मंडळाचे भाग पडून वितरणाचें काम महावितरण कंपनीकडे आलें. अमरावती आणि यवतमाळ मिळून एक परिमंडळ, अकोला, बुलढाणा व वाशीम मिळून दुसरें, अशी वऱ्हाडाची वांटणी झाली.

नवी कंपनी जन्मली ती टंचाईंत. भारनियमन हा शब्द त्या वर्षांत मुलांच्या तोंडीं बसला. वऱ्हाडांत मात्र लोक ‘लाईन गेली’ असेंच म्हणत, आणि त्या दोन शब्दांत जें आहे तें भारनियमनांत नाहीं. या काळीं कंपनीनें जीं वेळापत्रकें प्रसिद्ध केलीं तीं आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतात. ज्या भागांत वीजगळती आणि थकबाकी अधिक, त्या भागांत अंधाराचे तास अधिक, असे गट पाडले होते. म्हणजे वेळापत्रक हें एका परीनें साऱ्या मोहल्ल्याचें प्रगतिपुस्तकच झालें. प्रामाणिकपणें बिल भरणारा आणि आंकडा टाकून वीज चोरणारा एकाच डी.पी.वर असले तर दोघेही सारख्याच अंधारांत बसत. हा न्याय कीं अन्याय, यावर बरेंच बोललें गेलें. आमच्या मतें त्यांत अन्याय होताच. परंतु वेळ आधीं कळल्यामुळें गिरणीवाल्यास दळण केव्हां काढावें, शिंप्यास यंत्र केव्हां चालवावें आणि परीक्षेच्या मुलास केव्हां उठावें हें ठरवितां येई. संताप येई तो ठरलेल्या अंधाराचा नव्हे. वेळापत्रकांत नसलेल्या तासाचा.

उन्हाळ्यांतील एका सूचनेचा उल्लेख येथेंच केला पाहिजे, कारण तीवर माणसांचे प्राण अवलंबून असतात. मे महिन्यांत अमरावती-अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या लावलेला पत्र्याचा कूलर ही मग घरोघरची गरज. पत्रा, पाणी आणि वीज यांचा असा संगम दुसऱ्या कोणत्या घरगुती यंत्रांत क्वचितच असेल. दरवर्षीं विदर्भांत कूलरचा धक्का लागून माणसें दगावतात, त्यांत लहान मुलेंही असतात. पाणी भरण्यापूर्वीं बटण बंद करून प्लग काढावा, कूलरला अर्थिंग असावें, ओल्या हातानें व अनवाणी पायानें त्यास शिवूं नये, घराच्या जोडणीवर गळती होतांच वीज तोडणारें यंत्र बसवावें, अशा सूचना कंपनी दर उन्हाळ्यांत प्रसिद्ध करते. त्याच त्या म्हणून लोक त्या वाचीत नाहींत. मीटर बदलल्याची बातमी चहाच्या टपरीवर दोन दिवस चालते, कूलरची सूचना दोन मिनिटेंही चालत नाहीं, हें खेदानें नमूद करावें लागतें.

२०२० च्या टाळेबंदींत मीटरवाचन थांबलें, सरासरीचीं बिलें गेलीं, आणि जून-जुलैंत तीन महिन्यांचा वापर एकदम आल्यावर राज्यभर ओरड झाली. त्यांत उन्हाळ्याचा जादा वापर होता आणि एप्रिलपासूनचे नवे दरही होते. कंपनीनें बिलाची फोड समजावून देण्यासाठीं ठिकठिकाणीं सोय केली, पण समजूत आधीं आणि बिल मागाहून असा क्रम असता तर निम्मा क्षोभ वांचला असता.

आतां सर्वांत अलीकडच्या प्रकरणाकडे वळूं. गेल्या काहीं वर्षांत सूचना मोबाइलवर येऊं लागली: बिल किती, शेवटची तारीख कोणती, दुरुस्तीसाठीं पुरवठा किती वेळ बंद. सोय मोठी आहे यांत वाद नाहीं. परंतु २०२२ सालीं महाराष्ट्रभर एक निराळाच संदेश फिरूं लागला. मागील बिलाची नोंद झालेली नाहीं, सबब आज रात्रीं साडेनऊ वाजतां तुमची वीज तोडण्यांत येईल, ताबडतोब अमुक नंबरावर अधिकाऱ्याशीं बोला, असा त्याचा आशय. त्या नंबरावर बोलणारास मोबाइलमध्यें एक ॲप घेण्यास सांगत, आणि त्या वाटेनें बँकेंतील पैसे जात. महावितरणनें वारंवार खुलासा केला कीं कंपनी कोणाच्या खाजगी नंबरावरून संदेश पाठवीत नाहीं. तिच्या अधिकृत संदेशाच्या शीर्षांत एम.एस.ई.डी.सी.एल. हीं अक्षरें असतात. तरीही शिकलेलीं, हुषार माणसें फसलीं.

तीं कां फसलीं? भोळेपणामुळें, हें उत्तर आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. संदेश मोडक्यातोडक्या इंग्रजींत असे, हेंही कोणास खटकलें नाहीं, कारण अधिकाराची भाषा आपल्यास नीट समजूं नये अशी आमची पूर्वापार समजूत आहे. त्याहून मोठें कारण दुसरें. ‘आज रात्रीं तोडूं’ ही धमकीच कायद्यांत बसत नाहीं. आज सांगून थकबाकीसाठीं आज तोडण्याचा अधिकार १९१० च्या कंपनीसही नव्हता. २००३ पासून तर पंधरा पूर्ण दिवस हवेत. ज्याला ही गोष्ट ठाऊक आहे त्यास संदेश कोणी पाठविला याचा तपास करण्याचेंही कारण नाहीं. त्यांतील ‘आज’ हा एक शब्दच खोटेपणाची साक्ष देतो. पण ही गोष्ट राजापेठेंत किती घरांस ठाऊक असेल? बिल वेळेवर भरा असें सांगणारे संदेश मुबलक येतात. तुमचा हक्क पंधरा दिवसांचा आहे असें सांगणारा संदेश निदान आमच्या तरी पाहण्यांत आलेला नाहीं. लबाडांनीं हीच फट हेरली.

ग्राहकाच्या तक्रारीसाठीं निवारण मंच आहेत, त्यांवर विद्युत् लोकपाल आहे, १९१२ हा तक्रारीचा चार अंकी नंबर आहे. हें सर्व असून उपयोग तेव्हां, जेव्हां तें घरांत माहीत असेल. प्रत्येक बिलावर बारा आंकडी ग्राहक क्रमांक छापलेला असतो. त्याच्याच शेजारीं, तेवढ्याच ठळक अक्षरांत आणि मराठींत, एक ओळ असावी: पंधरा पूर्ण दिवसांच्या लेखी नोटिशीवांचून थकबाकीसाठीं ही वीज तोडतां येत नाहीं. कंपनीस यासाठीं नवा कागद लागणार नाहीं, आणि जागाही बोटभर पुरेल.