याही धनुर्मृगया

उत्तर कॅलिफोर्नियातील मिल क्रीक व डिअर क्रीक या ओढ्यांच्या दुर्गम मुलखात राहणाऱ्या याही जमातीची, धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याची परंपरागत पद्धत. गोऱ्या वसाहतवाल्यांनी या जमातीचा निर्घृण संहार केल्यानंतर, १९११ साली ओरोव्हिल येथे आढळलेला तिचा अखेरचा ज्ञात पुरुष इशी याने आपली विद्या सॅन फ्रान्सिस्कोतील शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप यांस मनःपूर्वक शिकविली, म्हणूनच तिचा तपशीलवार दाखला उपलब्ध आहे. जुनिपरच्या लाकडाचे, पाठीवर स्नायुतंतू चिकटविलेले त्याचे धनुष्य जेमतेम साडेतीन फूट लांबीचे असे. बाणाचे अग्र तो ज्वालामुखीजन्य काळ्या काचेचे, आणि पुढे बाटलीच्या काचेचेही, शिंगाच्या टोकाने टवके काढून घडवी. मृगयेपूर्वी मासे व तंबाखू वर्ज्य करून, ओढ्यात स्नान करून, वाऱ्याचा रोख पारखून तो झुडपाआड दबा धरी, आणि माद्रोनचे दुमडलेले पान ओठांत धरून श्वास आत ओढीत पाडसाच्या हाकेसारखा स्वर काढी, तेव्हा हरिणी आपण होऊन समीप येत. दूरच्या नेमापेक्षा जनावराच्या स्वभावाचे ज्ञान येथे श्रेष्ठ ठरते, हेच या विद्येचे खरे वैभव होय. इशी १९१६ मध्ये क्षयाने मरण पावला. पोप यांचा धनुर्मृगयेवरील ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला.