पीटर ग्लिक
पीटर ग्लिक (जन्म: १९५६) हे जलस्रोत व हवामानबदल यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ आहेत. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या कॅलिफोर्नियातील पॅसिफिक इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचे ते सहसंस्थापक होत.

संशोधन

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात पीएच.डी.साठी (१९८६) त्यांनी सॅक्रामेंटो नदीच्या खोऱ्यावरील तापमानवाढीचे परिणाम अभ्यासले. तापमान वाढल्यास पर्वतांवर हिमाऐवजी पाऊस अधिक पडतो आणि साचलेले हिम लवकर वितळते. परिणामी हिवाळ्यात नदीचा प्रवाह वाढतो, तर सिंचनाची गरज सर्वाधिक असलेल्या उन्हाळ्यात तो घटतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

२०१० मध्ये मीना पलनिअप्पन यांच्यासह त्यांनी पाणीवापराच्या कमाल मर्यादेची संकल्पना विशद केली.

सन्मान

* मॅकआर्थर पाठ्यवृत्ती (२००३)
* अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्यत्व (२००६)